दुसऱ्याने मंजूर करायच्या दुरुस्त्या

४ नोव्हेंबर, सोमवार

खुर्चीला एकच हात आहे. मानवजातीने आजवर पुष्कळ सोसलं, पण उजवं कोपर दिवसभर अधांतरी ठेवायची शिक्षा याआधी कुणाला झाली नसावी. तक्रारअर्ज तीन प्रतींत देणार आहे.

बाकी नोकरी झकास. तिसरा मजला, एक खिडकी, एक मी. कंपन्यांचे अहवाल तपासायचे. माझ्या दुरुस्त्या स्क्रीनवर निळ्या दिसतात, खोडलेल्यावर आडवी रेघ येते. आपल्या दुरुस्त्या आपणच मंजूर करायच्या नाहीत, दुसऱ्याने करायच्या, असा इथला नियम. दुसरा कोण, विचारलं तर खालच्या मजल्यावरचे मॅनेजर म्हणाले, अहो, असतं कुणीतरी, तुम्ही आपलं काम बघा.

अकरा वाजता चहावाले काका आले. खुर्चीकडे बघून म्हणाले, साहेब, हिच्यात आठवडा काढलात तर पुढचा चहा माझ्याकडून. बायको गेल्यापासून माझी अशी थट्टा कुणी केली नव्हती.

५ नोव्हेंबर

दुपारी बाराच्या ठोक्याला कालच्या दुरुस्त्या मंजूर झाल्या. खोडलेलं गेलं, मागे मोकळी जागासुद्धा उरली नाही.

नव्या माणसाने एका पानात स्वतःचा परिचय लिहायचा असतो. तोही याच वाटेने तपासला जातो. पहिल्या ओळीत नाव, वय. मग नोकऱ्या. मग मुलगी: परगावी असते, रविवारी फोन करते. मग, ‘घरी एकटाच असतो, पण सवय झाली आहे.’ शेवटी गंमत म्हणून एक ओळ वाढवली: ‘कार्यालयातले स्नेही, चहावाले काका.’

६ नोव्हेंबर

परिचयावर लाल रेघा. ‘पण सवय झाली आहे’ खोडलंय. दुरुस्ती बरोबर होती, याचाच जास्त राग आला. काकांची ओळही खोडलीय. समासात शेरा: एक ओळ जास्त.

बारा वाजता मंजूर.

७ नोव्हेंबर

काका आले नाहीत. मॅनेजरना विचारलं. म्हणाले, कोण काका? इथे पहिल्यापासून मशीनच आहे.

जिन्याजवळ खरंच मशीन आहे. बटणं वर्षानुवर्षं दाबून झिजलेली. परवा तिथे नुसती भिंत होती.

८ नोव्हेंबर

‘नाकारा’चं बटण माझ्यासाठी बंद. नियमच तसा. मजला पालथा घातला. दुसरी खुर्चीच नाही इथे.

दुपारी काकांची ओळ पुन्हा लिहिली. मीच घालवलं त्यांना, मीच आणीन.

११ नोव्हेंबर, सकाळ

काकांची ओळ शाबूत. शेरा तोच: एक ओळ जास्त. लाल रेघ आता मुलीच्या ओळीवर —

अकरा वीस

मॅनेजर म्हणतात, एवढं काय मनावर घेताय, पानात बसत नसेल तर दुसरी कुठलीतरी ओळ काढा की.

दुसरी कुठली. नोकऱ्या खोडून पाहिल्या. लाल हलली नाही. तिला माणूस हवाय —

अकरा पन्नास

काकांना पुन्हा खोडायला हात धजेना. त्यांचंही घरी कुणीतरी असेलच.

पहिली ओळ उरली. नाव, वय. निळी रेघ मारली. मुलीवरची लाल तत्क्षणी उठली. या कार्यालयात एवढी तत्परता प्रथमच पाहिली.

अकरा अठ्ठावन्न

काल तिचा फोन नाही, नुसता मेसेज: बाबा, जेवलात का? मी रुसून उत्तर दिलं नव्हतं.

आत्ता पाठवलं: जेवलो गं. तूही वेळेवर जेवत जा.

तेवढं एक देणं होतं. फिटलं.

बारा

तिचं उत्तर आलं. सॉरी, आपण कोण?

मी —