न उच्चारलेला होकार आणि पाय लांब करण्याची जागा

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
प्रवासी तक्रार विभाग,
उत्तरायण एअरवेज, विभागीय कार्यालय,
अंधेरी (पूर्व), मुंबई.

अर्जदार : श्रीमती सुलक्षणा गुणाजी चिंदरकर,
मजासवाडी, जोगेश्वरी (पूर्व), मुंबई.

विषय : टोरांटोच्या विमानात पाय लांब करता येतील अशी जागा मिळणेबाबत, व माझ्या नावापुढे आपण लिहून ठेवलेला खोटा शेरा पुसणेबाबत.

संदर्भ : १) माझा यापूर्वीचा तक्रार अर्ज.
२) त्यास आलेले आपले उत्तर, ज्यात माझे नाव सुलोचना असे छापले आहे.

महोदय,

मी खाली सही करणारी, आपल्या कंपनीची एकदा प्रवासी झालेली आणि नाइलाजाने पुन्हा होऊ घातलेली बाई, हा अर्ज आपणास सादर करते. कोणाविषयी वाईट बोलायचे नाही असा माझा नेम आहे. त्यामुळे खाली फक्त घडले ते लिहिले आहे. वाचताना वाईट वाटल्यास तो माझ्या लिहिण्याचा दोष समजू नये.

१. रोज सकाळी अंघोळ केल्यापासून जपाच्या माळा पूर्ण होईपर्यंत मी मौन पाळते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासूनचा हा नेम आहे. दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सर्वांना तो माहीत आहे आणि आजवर कोणाचे काही अडलेले नाही. जुन्या चाळीत शेजारच्या शकूच्या खोलीत स्टोव्हचा भडका उडाला, तेव्हा आतून अडकलेले दार मीच खांद्याने उघडले आणि तिला ओढून बाहेर काढले. तेव्हाही माझे मौन होते. शकूने नंतर विचारले, "अगं, निदान ओरडायचं तरी!" पण दार उघडायला ओरडावे लागत नाही. हा मुद्दा पुढे कामाचा आहे म्हणून आधीच नमूद केला.

२. माझी मुलगी अक्षता टोरांटोला असते. तिच्या पहिल्या बाळंतपणासाठी मी फेब्रुवारीत आपल्या थेट विमानाने निघाले. एवढ्या लांबच्या प्रवासात मला पाय लांब करता यावेत, आणि मुख्य म्हणजे कोणाला न ओलांडता उठता यावे, म्हणून माझा मुलगा सुबोध याने जादा पैसे भरून आपत्कालीन दाराशेजारची मोकळी जागा निवडली. झोपलेल्या माणसाला ओलांडायचे नाही, ही आमच्या मालवणाकडच्या घरातली शिस्त आहे. लहानपणी कोणी चुकून ओलांडलेच, तर पाठीत धपाटा बसायचा आणि उलट ओलांडून परत यावे लागायचे. आपल्याकडे असे काही नसेल. आमच्याकडे आहे.

३. त्या दिवशी टॅक्सी लवकर आली, त्यामुळे घरी अंघोळ झाली पण जप अर्धाच झाला. विमानात बसल्यावर पुरा करू, असे मी ठरवले. "माझे मौन आहे, मुलीच्या बाळंतपणासाठी जात आहे," असे मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत लिहिलेले कार्ड सुबोधने करून दिले होते. ते पासपोर्ट तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने वाचले, हात जोडले आणि शिक्का मारला. देशाबाहेर जायला माझा आवाज लागला नाही. तो आपल्या विमानात लागला.

४. मी माझ्या जागेवर बसले. आपली कर्मचारी कु. हेमांगी (छातीवरच्या पट्टीवर नाव होते) येऊन म्हणाली, की संकट आल्यास हे दार उघडायला मदत कराल का. मी होकाराची मान हलवली. ती म्हणाली, "मावशी, तोंडाने हो म्हणा ना, एकदाच." मी कार्ड दाखवले. उलटीसाठी ठेवलेल्या कागदी पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिले : "होय. दार उघडीन." त्या मुलीने ते वाचले. तिच्या चेहऱ्यावरून तिला ते पटले होते, हे तिच्या बाजूने सांगणे माझे कर्तव्य आहे. पण मागून तिचे वरिष्ठ आले (नावाची पट्टी त्यांनाही होती). पिशवीकडे न बघताच म्हणाले, "लेखी चालत नाही, व्हर्बल पाहिजे. काकूंना मागे शिफ्ट कर, लेट होतंय यार." माझी पिशवी त्यांनी चुरगाळून कचऱ्यात टाकली. आपल्या उत्तरात "प्रवाशाने लेखी वा तोंडी संमती दिली नाही" असे म्हटले आहे, ते खोटे आहे.

५. माझ्या जागी एक गृहस्थ आणून बसवले. त्यांनी "येस" म्हटले, कानात बोळे घातले, डोळ्यांवर पट्टी ओढली आणि विमान हलायच्या आत ते झोपले. मी मागे जाताना त्यांचे घोरणे ऐकले. संकटाच्या वेळी दार उघडण्याची जबाबदारी आपण या गृहस्थांवर सोपवलीत. ती आणखी तीनशे माणसांच्या वतीने सोपवलीत, हे नम्रपणे निदर्शनास आणते.

६. विमान वर गेल्यावर थोड्याच वेळात माझा जप पूर्ण झाला. त्या दिवशीचे माझे पहिले वाक्य मी आपल्या त्याच वरिष्ठांना थांबवून बोलले : "होय, मी दार उघडीन." ते हसले आणि म्हणाले, "आता काय उपयोग काकू, सीट गेली ना." देवाचे नाव घेतलेल्या तोंडात त्यांच्यासाठी आलेला शब्द मी गिळला. तो शब्द आजही माझ्याकडे शिल्लक आहे.

७. मला मिळालेली जागा शेवटून दुसऱ्या रांगेत, खिडकीशी होती. गुडघे पुढच्या सीटला टेकत होते. बाहेरच्या बाजूला दोन जण होते, दोघेही झोपलेले. मी "भाऊ, अहो भाऊ" म्हणून हाक मारली. माझा आवाज मुळात हळू आहे, त्यांच्या कानात गाणी चालू होती. परक्या पुरुषाला हलवून उठवणे मला जमण्यासारखे नव्हते. मी मदतीचे बटण दाबले. आलेल्या कर्मचाऱ्याने वरचा दिवा विझवला, "पट्ट्याची खूण चालू आहे, बसून राहा," असे सांगितले आणि तो गेला. पुढे ती खूण विझली, पण तो परत आला नाही. मी पुन्हा बटण दाबले. तेव्हा त्याने माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि मी तोंड उघडायच्या आत तो पुढच्या रांगेत गेला. पाणी प्यायले तर उठावे लागेल, म्हणून मी ते प्यायले नाही. अशा रीतीने जवळजवळ सगळा प्रवास मी एका जागी, कोरड्या घशाने बसून केला.

८. यावर आपल्या उत्तरात विचारले आहे, की इतर प्रवासी पाय उचलून पलीकडे जातात, तर आपणच का गेला नाहीत. आणि आपल्या फोनवरच्या माणसाने तर मला शास्त्र शिकवले. तो म्हणाला, "मॅम, जाताना ओलांडायचं, येताना परत ओलांडायचं, झालं ना उलट!" म्हणजे मधला वेळ तो झोपलेला माणूस ओलांडलेलाच राहणार, त्याची काळजी कोणी घ्यायची? उत्तरायण एअरवेजने? ज्यांना जागे माणूस सांभाळता येत नाही, त्यांनी झोपलेल्यांचे दोष फेडण्याच्या गोष्टी करू नयेत.

९. टोरांटोला उतरताना डाव्या पायात चप्पल जाईना. जावई हर्षद न्यायला आले होते, त्यांनी घरी न नेता थेट इस्पितळात नेले. पायात रक्ताची गाठ झाली होती. एका इस्पितळात मी आणि दुसऱ्यात माझी मुलगी, असे झाले. नातू मिहिर जन्मला तेव्हा तिच्याजवळ मी नव्हते. ज्या कामासाठी इतके लांब गेले, ते सोडून मी छताकडे बघत पडले होते. पाचवीची पूजा झाली नाही. जावयांना ती मांडायची कशी ते माहीत नव्हते, आणि मी फोनवर सांगत होते तर त्यांची धावपळ दोन इस्पितळांमध्ये चालू होती. अक्षता मला एकदाच रडत म्हणाली, "आई, तू येऊनही आली नाहीस गं." हे वाक्य मी तिच्याकडून ऐकावे अशी सोय आपल्या कंपनीने केली.

१०. पहिला अर्ज केल्यावर आपण मला पुढच्या प्रवासात सवलतीचे कूपन पाठवले. ते परत जोडले आहे. पैशांविषयी मी काही मागितले नव्हते, आजही मागत नाही. त्याच उत्तरात आपण लिहिलेत, की "भाषेच्या अडचणीमुळे प्रवाशास सूचना समजली नाही." सूचना मराठीत होती. मी मराठी आहे. ती देणारी मुलगी मराठी होती. मला समजले होते, तिलाही समजले होते. न समजलेले एकच माणूस होते, ते म्हणजे तिचे वरिष्ठ, आणि त्यांना आपण बढती दिल्याचे त्याच पत्राखालच्या त्यांच्या सहीवरून कळते.

११. आता आजचा प्रश्न. अक्षताची रजा संपत आली आहे. तिथल्या पाळणाघरात मिहिरला वर्षाचा झाल्याशिवाय घेणार नाहीत. तोवर त्याला सांभाळायला मी गेले नाही, तर तिला नोकरी सोडावी लागेल. अंधेरीच्या माझ्या डॉक्टरांनी अटीवर परवानगी दिली आहे : थेट विमान, पाय मोकळे, कडेची जागा, दर तासाला उठून चालणे. मुंबईहून टोरांटोला थेट जाणारे आमच्या तारखांचे विमान फक्त आपले आहे. म्हणून मी पुन्हा आपल्या दारात आले आहे. दुसरे कारण नाही. असते, तर मी आपले तोंड पाहिले नसते.

१२. पायाच्या दुखण्यामुळे आपत्कालीन दाराशेजारची जागा मला आता मिळायची नाही, हे मला मान्य आहे. मी मागते ती भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेतील कडेची जागा. तिथे दार नाही. तिथे कोणी होकार विचारत नाही. तिथे फक्त बसायचे असते. परंतु सुबोध जागा निवडायला जातो तेव्हा माझ्या नावावर पुढच्या सगळ्या जागा बंद दिसतात. फोन केला तर पलीकडची बाई म्हणाली, की माझ्या नावापुढे "कर्मचाऱ्यांच्या सूचनेस प्रतिसाद नाकारणारी प्रवासी" असा शेरा आहे आणि त्यामुळे "सिस्टीम अलाऊ नाही करत." मी विचारले, सिस्टीममध्ये हे लिहिले कोणी? ती सांगू शकत नाही म्हणाली. मग मी विचारले, पहिली रांग तरी? तर म्हणाली, "ती बेबीवाल्यांसाठी असते मॅम." मी म्हटले, मी बाळासाठीच चालले आहे. ती म्हणाली, "बाळ सोबत पाहिजे ना." महोदय, बाळ सोबत असते तर मी कशाला चालले असते?

१३. त्याच बाईंनी शेवटी मला सल्ला दिला, की मौन वगैरे एक दिवस स्किप करा. त्यांचा सल्ला मी जसाच्या तसा आपल्याकडे परत पाठवत आहे. आपण एक दिवस शेरा स्किप करावा. माझा नेम कोणाच्या पायात गाठ करत नाही. आपला करतो.

१४. या वेळी मी पहाटेच उठून जप घरीच पूर्ण करणार आहे, हे आपल्या माहितीसाठी. विमानात मी बोलणारी बाई म्हणून चढेन. मागच्या वेळी आपल्याला माझा आवाज हवा होता. या वेळी तो मिळेल. रोज देवापुढे बसते तेव्हा त्या वरिष्ठांचे नावही घेते. कशासाठी, ते विचारू नये.

तरी आपणांस विनंती, की

(क) माझ्या नावापुढील शेरा तात्काळ काढावा आणि काढल्याचे लेखी कळवावे. लेखी चालत नाही, असे या वेळी म्हणू नये.

(ख) नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातील माझ्या तिकिटावर पहिल्या रांगेतील कडेची जागा राखून ठेवावी. डॉक्टरांचे पत्र जोडले आहे.

(ग) वरील दोन्ही करणे आपल्या कंपनीस शक्य नसल्यास, तसे मला कळवण्याची तसदी घेऊ नये. मला ते आधीच कळलेले आहे. त्याऐवजी एक पत्र चि. मिहिर याच्या नावे लिहावे, मोठा झाल्यावर त्याला वाचता येईल अशा सोप्या मराठीत. त्याची आजी तो जन्मला तेव्हा का आली नाही आणि त्याला सांभाळायला का आली नाही, हे त्यात आपण स्वतः, आपल्या सहीने लिहावे. मी त्याला खोटे सांगू शकत नाही, आणि खरे सांगायला लागले तर माझा वाईट न बोलण्याचा नेम मोडतो.

उरलीसुरली नम्रता राखून,

आपली प्रवासी,
(सही)
सुलक्षणा गुणाजी चिंदरकर
(सुलोचना नव्हे)

जोगेश्वरी (पूर्व), दि. ६ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) डॉक्टरांचे पत्र.
२) टोरांटोच्या इस्पितळाचे कागद.
३) आपले कूपन, न वापरलेले.
४) चि. मिहिरचा पत्ता, वरील (ग) साठी.