काचेच्या कपाटातला पोटोबा

३ मे २००६, बुधवार

आज मी एक देव जन्माला घातला. वयाच्या बासष्टाव्या वर्षी!

मी दर बुधवारी व्हॉलंटियर म्हणून जाते त्या जुन्या, आता म्युझियम झालेल्या हवेलीत — बर्मिंगहॅमहून बसने पाऊण तास — पोर्सेलिनचा एक टकलू आहे. पोट उघडं, कान खांद्यापर्यंत, तोंडभर हसू. सतराशे वीसच्या सुमाराचा, जर्मन. चिनी हसऱ्या बुद्धाची नक्कल. कारागिराला बुद्ध कुठला ठाऊक? पोट ठाऊक — बिअरचं!

आम्हा व्हॉलंटियरांची प्रमुख, हेड स्टीवर्ड जेनेट म्हणाली, "सूझी, हा तुमच्यातलाच ना? नाव काय याचं?"

सुहासिनीचं सूझी तिनंच केलं. तीस वर्षं बँकेच्या काउंटरवरही हेच — करीपासून कामसूत्रापर्यंत सगळं मीच सांगायचं! डोकं फिरलं. म्हटलं, "पोटोबा."

"पो-टो-बा! काय करतो?"

"मागाल ते देतो."

तिनं लिहून घेतलं. मेले!

४ मे

नवऱ्याला सांगितलं. हसून हसून मुरलीधरला ठसका लागला. "आधी पोटोबा, मग विठोबा. पुढच्या बुधवारी ती जेनेट विठोबाही मागेल!"

१७ मे

कपाटाशेजारी लॅमिनेट केलेलं कार्ड! 'पोटोबा — इच्छा पुरवणारा भारतीय देव.' शाळेची पोरं काचेला नाक लावून आयपॉड मागत होती. एका आजोबांनी इंग्लंडसाठी फुटबॉलचा वर्ल्ड कप मागितला. जर्मन देवाकडे!

३१ मे

स्लाऊहून एक तरुण मराठी जोडपं आलं. कार्ड वाचून नवरा हसत खालीच बसला. "काकू, हे कुणी लिहिलं हो?"

"असेल कुणी अडाणी," मी म्हटलं.

बायको हसली नाही. "लोक खरं मानताहेत, काकू."

७ जून

जेनेटला खरं सांगायला हवं. मग काढून टाकतील मला. बुधवारी काय करू — मुरलीधरचे मोजे जोडत बसू? आज धीर झाला नाही.

१४ जून

जेनेट रजेवर. सुटले!

२१ जून

आज सांगायचंच, असं ठरवून गेले होते. खोलीत जेनेट एकटीच, कपाटासमोर. उद्या तिच्या बायॉप्सीचा रिपोर्ट, म्हणाली.

"याच्याकडे मागायचं कसं, सूझी?"

मी बूट काढले. तिलाही काढायला लावले. हात कसे जोडायचे ते दाखवलं — आणि तसेच जोडून ठेवले.