फरशीखालची ऊब

३ डिसेंबर
आज पुन्हा चक्कर! बटाटे सोलता सोलता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तिथेच फरशीवर बसले. डोकं सकाळपासून ठणकत होतंच. फरशी मात्र काय गरम! बाहेर नळाचं पाणी गोठलंय आणि आमच्या स्वयंपाकघरात अनवाणी फिरावं. सगळी आळी हेवा करते.

ह्यांनी मला हाताला धरून पुढच्या खोलीत आणलं, खिडक्या सताड उघडल्या. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, "काय होतंय गं?" एवढं विचारायला काय जातं माणसाचं?

४ डिसेंबर
मोजणीवाला आला होता. फरशीच्या भेगेत थर्मामीटर घातला आणि मान हलवली. म्हणाला, खाण बंद झाली तरी खालची आग अजून धुमसतेय, इकडे सरकतेय, जमीन खचू शकते. आम्हाला हलवायची नवीन वसाहत पुढच्या वर्षी. "तोवर?" म्हटलं. "तोवर काळजी घ्या." वा रे वा! हे सांगायला गाडी घेऊन आला.

फौजदारीण भिंतीपलीकडून सगळं ऐकत होती. तो गेल्या गेल्या हजर. "मेल्याला चहासुद्धा द्यायचा नव्हतास!" शेजारीण कसली, आख्ख्या आळीवर हुकूम सोडते म्हणून फौजदारीण. नवरा गेल्यापासून तिचं घर तिला खायला उठतं. सांधे धरतात, म्हणून रोज दुपारी माझ्या फरशीवर पाय सोडून बसते आणि माझ्याच घरात मला कामं सांगते.

लेकीचा फोन. "बाबा नाही तर नाही, तू तरी ये." कशी येऊ? ह्यांना सोडून, आणि खरं सांगायचं तर फौजदारणीला सोडून!

७ डिसेंबर
ओकाऱ्या. दोनदा. हे दाराशी उभे राहून बघत होते. ह्यांचा चेहरा असा मी फक्त खाणीचा भोंगा अवेळी वाजायचा तेव्हा पाहिलेला.

८ डिसेंबर
स्वारीने माळ्यावरून थापी काढली! खाणीत हे भिंतवाले होते. खाली आग लागली की ती विझवत नसत, विटा-मातीची भिंत घालून कोंडत. एवढंच मला ठाऊक, आणि तेही खाण बंद झाल्यावर कळलं. इथल्या पुरुषांचा नियमच होता – नळावर अंग धुवायचं, कपडे बदलायचे आणि खालचं काहीही उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. काळजी नाही, भीती नाही, गोष्टसुद्धा नाही. आम्हा बायकांना काय माहीत, तर साबणाचा वास. जन्मभर खाणीवर जगलो आणि खाणीतलं काडीचं कळत नाही आम्हाला.

स्वयंपाकघरातली भेग बुजवायला जुने दोन गडी वाळू घेऊन आले. हे त्यांना ओरडत होते, "ओली माती आधी, सिमेंट मग!" खोकत होते, पण हात कसा सरसर चालत होता! बऱ्याच वर्षांनी घरात पुरुषांचा आरडाओरडा झाला. मला रडू आलं. पूर्वी पाळी सुटली की हा रस्ता माणसांनी फुलून जायचा. क्लबात बँड, कोपऱ्यावर भांडणं, पोरांचा गोंधळ. आता शाळेला कुलूप, क्लबाला कुलूप, निम्म्या घरांना कुलूप. कंपनीने जाताना बँडचे बाजेसुद्धा नेले! त्यांना काय करायचे होते देव जाणे.

१२ डिसेंबर
फरशी गार. अगदी बर्फ! ह्यांनी पहारीने सगळीकडे ठोकून कान लावून ऐकलं. माझं डोकं उतरलंय. चार दिवसांत चक्कर नाही.

आळीत बातमी पसरली. "आमच्याकडेही बुजवून द्या" म्हणून तिघं दाराशी आले. ह्यांनी सगळ्यांना वाटेला लावलं. पाठ दुखते म्हणे! परवा-परवा तर पोत्यानं वाळू उचलत होता की हो! मला लाज वाटली. गावाच्या उपयोगी पडायची एक संधी आली, तर ह्यांनी हात आखडता घेतला.

१६ डिसेंबर
फौजदारीण नाचतच आली. "तुझी ऊब माझ्याकडे पळून आली गं! आता दुपारची बैठक माझ्या घरी." गेले तर खरंच तिचं स्वयंपाकघर छान तापलेलं. मीच म्हटलं, "मग खाट इथेच आण की. सांध्यांना बरं." दोघींनी खाट ढकलली, हसून हसून दम लागला. खिडकीच्या फटीत चिंध्याही कोंबल्या, वारा नको म्हणून.

जेवताना ह्यांना सांगितलं. ह्यांचा हात थांबला. "खाट पुढच्या खोलीतच बरी."
"का?"
ताटावरून उठून गेले. तिच्या वाट्याला जरा सुख आलं तर ह्यांच्या पोटात का दुखावं!

२१ डिसेंबर
फौजदारीण मरगळलीये. डोकं जड म्हणाली. मी चेपून दिलं. बोलता बोलता पेंगते – ही! दुसऱ्याला तोंड उघडू न देणारी! पण गाल काय लाल झालेत. मी चिडवलं, "म्हातारपणी रंग चढला हं!" हसली. ताप नाही अंगात. परवा डॉक्टरकडे नेईन म्हटलं.

हे आज सकाळी तिच्या दाराशी घुटमळून आले म्हणे. आत गेले नाहीत.

२२ डिसेंबर
बर्फ. घराबाहेर पाय टाकवला नाही.

२३ डिसेंबर
गेली.
हाका मारल्या, भिंत ठोकली, शेवटी माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. खाटेवर कुशीला वळून. गाल तसेच लाल. मी आधी तिला हलवून रागवलेच, "किती झोपशील?"
डॉक्टर म्हणाले, "वय झालं होतं. झोपेत गेल्या, नशीबवान." कसलं नशीब!

२४ डिसेंबर
पोचवून आलो. पूर्वी खाणीतलं कोणी गेलं की भोंगा वाजायचा आणि आख्खी पाळी मागून चालायची. आज हाताच्या बोटांवर मोजावी इतकी माणसं, त्यातही निम्मी खोकणारी. हे सगळ्यांत मागे होते. घरी येऊन जेवले नाहीत.

दुपारी पाय आपोआप तिच्या दाराकडे वळले. आता कुठे जाऊ मी? कोणाशी भांडू?

२६ डिसेंबर
आळीच्या शेवटच्या घरातली तरणी बाई तान्हं पोर कडेवर घेऊन आली. फरशी तापतेय, पोर सारखं उलट्या करतंय. ह्यांच्या पाया पडायला वाकली. हे नाहीच म्हणत होते. मी सगळ्यांसमोर वाटेल ते बोलले – दगड आहात का तुम्ही? शेवटी "परवा येतो" म्हणाले.

२७ डिसेंबर
फौजदारणीचे कपडे आवरायला गेले. तिच्या स्वयंपाकघरात खाटेवर बसून घड्या घालत होते. डोकं ठणकायला लागलं. मग अंधारी. कशीबशी बाहेर आले आणि बर्फातच ओकले.

तीच चक्कर. तीच ओकारी. तीच ऊब.

फरशीखालून नुसती ऊब येत नाही, आगीची विषारी हवाही येते. आमच्या घरातून बुजवलं ते तिच्या घरात निघालं. मीच खाट आत घ्यायला लावली! चिंध्या मीच कोंबल्या!

आणि उद्या हे शेवटच्या घरी जाणार. मीच घातलंय भरीला. तिथलं बुजलं की शेजारच्या घरात निघेल, तिथे खाणीतला म्हातारा इंजिनवाला एकटा झोपतो. ह्यांना सांगावं लागेल. पण कसं सांगू? "तुमच्या हातांनी फौजदारीण मेली" हे कोणत्या तोंडाने म्हणू? माणूस मोडून जाईल माझा.

२८ डिसेंबर
सांगितलं. हे शेवटच्या घरी जाणार नाहीत. त्या बाईला पोर घेऊन आजच्या आज गाव सोडायला सांगून आले.

मग माझ्यासमोर बसले. म्हणाले, "तिच्याकडे निघणार हे मला भेग बुजवली त्याच दिवशी माहीत होतं. तू वाचायला हवी होतीस."