विहिरीचं गोड पाणी

उमरखेड,
४ मार्च २००७

प्रिय नयनदादा,

सप्रेम नमस्कार. वहिनी बरी असेल, गुंजन आता दोन महिन्यांची झाली असेल. इकडे बारावीच्या परीक्षा, आणि मी रसायनशास्त्राची मास्तरीण, त्यामुळे डोकं वर काढायला फुरसत नाही.

गुंजनच्या बारशाला तू पाहुण्यांसमोर म्हणालास, "गावात प्यायले पाणी नाही, अन् आमची निशी मिठाच्या पाण्यात मासे पोसून राह्यली!" मी न जेवता निघाले. जाताना तुझ्या विहिरीच्या चार कॅन मात्र बसमध्ये टाकल्या. राग तुझ्यावर होता, पाण्यावर नव्हता.

माझ्या माशांच्या आणि प्रवाळांच्या काचेच्या टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून वरून गोडं पाणी घालावं लागतं. नेहमी फिल्टरचं घालते, पण नळ आठ दिवसांआड. विहिरीचं घातलं आणि प्रवाळं काळवंडली, काचेवर हिरवं शेवाळ. पाणी तपासलं. नायट्रेट, म्हणजे घाणीतून नाहीतर खतातून पाण्यात उतरणारा क्षार, पाचाच्या आसपास हवं, निघालं चाळीस! वाटलं, माशांना खाऊ जास्त होतोय. खाऊ निम्मा केला, तुझ्याच पाण्यात मीठ कालवून पाणी बदललं. झालं साठ! शेवटी आज नुसतं विहिरीचं पाणी तपासलं. शंभराच्या वर. कपाशीचा युरिया झिरपलाय, दुसरं काय! माझी प्रवाळं गेली, दादा. हस आता.

बाकी ठीक.

१२ मार्च, सकाळी

दादा,

वरचं पत्र आठ दिवस माझ्या पर्समध्ये होतं. काल रात्री तुमच्या महागावच्या गाडीचे ड्रायव्हर हरिसिंग वहिनीचा निरोप घेऊन आले. "बाळाचे ओठ निळे पडून राह्यले म्हणते, लय सुस्त असते."

गुंजनच्या दुधाच्या पावडरीत विहिरीचं तेच पाणी जातं. तुम्ही काळजीने उकळून, गाळून देता. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते वाढतं. तान्ह्या बाळाच्या रक्ताला त्याने प्राणवायू नेता येत नाही.

खरं सांगते. आकडा पाहिला त्याच क्षणी मला गुंजनची बाटली आठवली. तुला फोन लावला. माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास, आणि मला बरं वाटलं. म्हटलं, आता त्यानेच करावा, मग सांगू. लाज वाटते मला.

हे पत्र हरिसिंग पहिल्या गाडीने आणतील. फोन केला तर तू पुन्हा ठेवून देशील, मी आले तर आपण दारातच भांडू आणि वेळ जाईल. म्हणून मी थेट पुसदला चाललेय, बसस्थानकासमोरच्या बालरुग्णालयात. डॉक्टरांना पाण्याचं आधीच सांगून ठेवते. हे वाचताच गुंजनला उचल आणि जी गाडी मिळेल तिने निघ. त्या पाण्याचा थेंबही तिला देऊ नको.

तुला मला जे सुनवायचं असेल ते तिथे सुनव. आधी तिला आण.

एका फोनपुरती उशिरा जागी झालेली,
तुझी बहीण
निशिगंधा