दुनळीचा शिसवी दस्ता

२ सप्टेंबर १९६१. रोहिणखेड.
पीक-संरक्षणाचं बंदुकीचं लायसन्स आज बुलढाण्याहून हातात पडलं. अख्ख्या गावात एकच लायसन्स, आणि ते माझं. काकांची बारा बोअरची दुनळी आता कायद्याने माझी झाली. गेल्या साली डोंगरातून उतरलेल्या रानडुकरांनी अर्ध्या शिवाराची ज्वारी आडवी केली होती. यंदा एक कणीस जाणार नाही, असं चावडीपुढे जाहीर केलं. लोक गप्प उभे होते. भारावले असावेत.
भिमाबाईचं वावर माझ्या वावराला लागून, अगदी डोंगराच्या पायथ्याशी. एकटी बाई, तीन एकर. म्हणाली, "दादा, माह्या वावराकडंबी ध्यान ठेवसान ना?" शब्द दिला. पहिला बार तिच्याच वावरात काढीन म्हटलं.

५ सप्टेंबर. सकाळ.
प्रॅक्टिस. सोबत निवृत्ती. हा माझा पहिलीपासूनचा मित्र. त्याचा बाप जंगल खात्यात गार्ड होता, म्हणून त्याला बंदुकीतलं कळतं. पंचवीस पावलांवर मटकं ठेवलं. दोन बार काढले. मटकं शाबूत. डावीकडे बाभळीवर निवृत्तीने पागोटं अडकवून ठेवलं होतं, त्याला सात भोकं. त्याने ती मोजली. इतका कोता माणूस असेल वाटलं नव्हतं.
घरी येईपर्यंत कारण सापडलं. दस्ता! काका बुटके होते, माझे हात लांब. खांद्याला टेकायचा लाकडी दस्ताच बेतशीर नसेल तर नेम कसा लागणार? निवृत्तीला समजावलं. त्याने पागोट्याच्या एका भोकात बोट घालून पाहिलं. मग म्हणाला, "हाव बे. दस्त्याचाच दोष हाये. नवा होईस्तोवर बंदुकीले हात लावू नको."
याला म्हणतात मित्र.

११ सप्टेंबर.
कलकत्त्याच्या एका दुकानाचा कॅटलॉग पोस्टाने आला. दस्त्याची लांबी किती, उतार किती, बाक किती, सगळं माणसागणिक बदलतं म्हणे. मॅट्रिकचं इंग्रजी आज कामी आलं. अर्थ नीट लागला नाही, पण चित्रं स्पष्ट आहेत.
सौ. एरवी घरात खिळा आणला तरी दहा प्रश्न विचारते. आज तिने स्वतः माळ्यावरची जुनी शिसवी फळी काढून दिली. म्हणाली, घाई करू नका, चांगला करून घ्या. लग्नाला बावीस वर्षं झाली. सत्यभामेने मला समजून घेतल्याचा हा पहिला दिवस. तारीख लक्षात ठेवणे.

१५ सप्टेंबर.
कारभारी सुताराकडे फळी दिली. तो म्हणे, साग घ्या. मी म्हटलं, शिसव. तो म्हणे, जड होईल. मी म्हटलं, वजन म्हणजे स्थैर्य. जुना दस्ता त्याने काढून घेतला. नळ्या घरी, बाकी सुताराकडे. आठ दिवसांचा वायदा.

२९ सप्टेंबर.
आठाचे चौदा झाले. आज अचानक जाऊन धडकलो. माझ्या शिसवी फळीच्या एका टोकातून पोळपाट निघालेलं! सरपंचाच्या लेकीच्या लग्नासाठी. गोल, गुळगुळीत, सुरेख. मी हादरलो. कारभारी शांत. म्हणाला, "निवृत्तीभाऊ सांगून गेले ना, मालकाले घाई नाई म्हून."
धडधडीत खोटं. स्वतःची चूक लपवायला माझ्या मित्राचं नाव! या माणसावर मी विश्वास टाकला होता. यापुढे सुतार जमातीशी कामापुरतंच बोलणे.

८ ऑक्टोबर.
दस्ता आला. देखणा. पण खांद्याला लावला तर बोट चापापर्यंत पोचत नाही. चार बोटं लांब. कारभारीने माझ्याच हातची मापांची चिठ्ठी पुढे केली. मी मापात लोकरीच्या कोटाची जाडी मिळवली होती, वर हिवाळ्यातल्या शिकारीचा विचार करून एका स्वेटरची. हे सुताराने विचारायला नको का? परत दिला. कापून, घासून, पॉलिश करून दहा दिवस.

१२ ऑक्टोबर.
भिमाबाई दारात. डुकरं काल पहिल्यांदा उतरली, तिच्या वावराच्या वरच्या बाजूच्या चार ओळी लोळवल्या. मी तिला शांतपणे सगळं समजावलं. बार काढल्यावर बंदूक मागे धक्का देते, तो शोषायला दस्त्याच्या बुडाला रबर बसवावं लागतं. ते बसलं की निघालोच. ती उंबऱ्याशी बसून राहिली. म्हणाली, "दादा, रबर मंग लावा. नुसती बंदूक घेऊन तरी या. डुकराले काय कयते दस्ता कसा हाये तं."
अडाणी लोकांना टेक्निकल बाजू कळत नाही. वाईट वाटलं. पण अर्धवट काम करणं माझ्या स्वभावात नाही.

१९ ऑक्टोबर. दसरा.
शस्त्रपूजा. दस्ता सुताराकडेच, म्हणून पाटावर नुसत्या नळ्या ठेवल्या, झेंडूचा हार घातला. आपट्याची पानं द्यायला आलेल्यांपैकी कुणीतरी विचारलं, "दोन तोंडाची फुंकणी कवा घेतली?" सगळे हसले. निवृत्तीसुद्धा हसला. नोंद करून ठेवतोय. सौ. आत गेली, पण तिच्या बांगड्या हसत होत्या.

२५ ऑक्टोबर.
दस्ता बसला! सायकलच्या ट्यूबचं रबरही बसलं. आरशासमोर उभं राहून पाहिलं. भारदस्त.
आता पट्टा. खांद्याला पट्टा नसेल तर डोंगर चढताना दोन्ही हात अडकतात. मी अरुंद पट्ट्याच्या बाजूचा होतो. निवृत्तीच म्हणाला, रुंद घे, दोन बकलांचा, बैलाच्या चामड्याचा, मोताळ्याच्या जीनगराकडून. त्याच्याकडे महिन्याचं काम पडून आहे म्हणे, पण माल अस्सल. शिवाय कमरेला काडतुसांचा पट्टा हवा. बारा घरांचा घेणार. काडतुसं सहाच आहेत, तरी सहा रिकामी घरं लांबून दिसत नाहीत.
काडतुसं निवृत्तीने आपल्या घरी नेली. आमच्या कोठीत ओल असते. त्याच्याकडची कणगी कोरडी.

२९ ऑक्टोबर.
स्वतः मोताळ्याला जाऊन जीनगराच्या समोर बसलो आणि पट्टा घेऊनच उठलो. एक बकल कमी. चालेल. निवृत्तीला सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला. मत्सर वाईट.

३० ऑक्टोबर.
पहाटे भिमाबाई एकटीच डबा बडवत डुकरांवर गेली. मादी उलटली. पोटरी फाडली. बैलगाडीतून मोताळ्याच्या दवाखान्यात नेली. नऊ टाके.
मी भेटायला गेलो. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. येताना चावडीवरचे लोकही गप्प झाले. या वेळी भारावलेले नव्हते.
माझी काय चूक? सुताराने दगा दिला, जीनगराने दगा दिला. नसता दिला, तर मी महिन्यापूर्वीच तयार असतो.
ठरलं. परवा पहाटे तिच्या वावरातल्या मचाणावर बसणार. निवृत्ती म्हणाला, पट्ट्याची कडी ढिली आहे, चार दिवस थांब. मी म्हटलं, आता एक दिवससुद्धा नाही. मग तो म्हणाला, मीबी येतो. सहाही काडतुसं आणून दिली. प्रत्येकाच्या तोंडाला मेण लावलेलं, ओल जाऊ नये म्हणून. त्याच्याबद्दल मनात वेडंवाकडं आणल्याची लाज वाटली.

१ नोव्हेंबर. सकाळी नऊ.
क्रमाने लिहितो.
तांबडं फुटताना मचाणावर चढलो. मी एका टोकाला, निवृत्ती चार हातांवर दुसऱ्या टोकाला. कणसांतून सळसळ झाली. काळ्या पाठी दिसल्या, सात-आठ. निवृत्तीने बोटाने दाखवलं. मी उठलो, बंदूक खांद्याला लावायला गेलो, आणि रुंद पट्टा मचाणाच्या खुंट्याला अडकला. ओढला. नळ्या फिरल्या. कुठे फिरल्या ते धुरात समजलं नाही. दोन्ही बार एकदमच उडाले.
धूर निवळला तेव्हा निवृत्ती पाठीवर पडलेला होता. सदऱ्याला छातीवर भोक, कडा जळत होत्या. मी हाक मारली. मला वाटतं, मारली. त्याने हाताने ठिणग्या विझवल्या, उठून बसला आणि म्हणाला, "पाह्य बे, पयाले का ते?"
डुकरं पळाली होती. आवाजाने. पार डोंगराच्या कण्यापर्यंत.
चार हातांवरून दोन बार छातीवर घेऊन माणूस जिवंत कसा? देवाची कृपा. आणि रबर बसवल्याने जोर थोडा कमी झाला असेल.

त्याच दिवशी. दुपार.
राहवलं नाही. उरलेल्या चारांपैकी एका काडतुसाचं मेण खरवडलं. छर्रे नाहीत. कोंडा! ज्वारीचा कोंडा! चारही तशीच.
चाळीस वर्षांची दोस्ती. मला कोंडा देऊन डुकरांसमोर उभं केलं. पागोट्याच्या सात भोकांचा सूड? आता सगळी साखळी जुळली. घाई नाही म्हणून सुताराला सांगणारा हाच. मोताळ्याचा महिनाभर खोळंबलेला जीनगर सुचवणारा हाच. मी कारभारीची मनातल्या मनात माफी मागितली. निवृत्तीचं तोंड बघणार नाही.

२ नोव्हेंबर.
सौ.ला सगळं सांगितलं. तिला धक्का बसेल म्हणून आधी खाली बसायला लावलं. ती बसली आणि म्हणाली, "मीच सांगतलं होतं त्यायले." प्रॅक्टिसच्या दिवशीच. निवृत्ती भोकं पडलेलं पागोटं घेऊन आधी तिच्याकडे आला होता. हा माणूस एक दिवस कोणाचा तरी जीव घेईल, याला कशात तरी गुंतवून ठेवा, असं तिने त्याच्याजवळ रडून सांगितलं. शिसवी फळी त्याचसाठी काढली. आणि मी ऐकतच नाही म्हटल्यावर कोंडा तिने घरच्या जात्याखालचा चाळून दिला.
घरातला कोंडा! माझ्याच ज्वारीचा!
मी म्हटलं, मग भिमाबाईचे टाके कोणाच्या माथी? तुमच्याच ना? बंदूक वेळेवर निघाली असती तर?
सत्यभामा पहिल्यांदा खाली बघू लागली. म्हणाली, "हाव. ते मात्र आमच्या माथी हाये. दोघायच्या. तिच्या पाया पडून आली मी." आणि डोळ्यांना पदर लावला. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

३ नोव्हेंबर.
जेवण स्वतः वाढून घेतलं. कोणाशी बोललो नाही. कोणी बोलायला आलंही नाही, त्यामुळे निश्चय पाळायला सोपा गेला.
गावात मात्र माझं नाव झालंय. आवाजाने कळप डोंगर ओलांडून गेला, तीन दिवस फिरकला नाही. सरपंचाने नारळ पाठवला. फोडला नाही.

५ नोव्हेंबर.
निवृत्तीकडे गेलो. सरळ जाब विचारायचा, असं ठरवूनच. वाटेत वाक्यं तयार केली होती.
तो ओसरीवर उघडा बसला होता. गीतावहिनी त्याच्या छातीला कोरफडीचा गर लावत होत्या. बशीएवढा फोड, भोवती बारुदाचे काळे ठिपके, नेमके काळजावर. वहिनी मला बघून भांडं तिथेच आपटून आत गेल्या.
मी म्हटलं, तू मला दगा दिला.
तो म्हणाला, "हाव, देल्ला." मग फोडाकडे बघत म्हणाला, "छर्रे असते तं आज कोणाजवळ भांडाले आला असता बे?"
तयार केलेल्या वाक्यांपैकी एकही इथे बसेना. मी वहिनींनी टाकलेलं भांडं उचललं आणि गर लावायला बसलो. बोटं हलकी ठेवली. तो दोनदा कण्हला.
मग त्याने विचारलं, "खरं सांग. बार काढतानी डोये उघडे होते का तुहे?"
मी म्हटलं, होते.
त्याने मान हलवली. पटलं नव्हतं, पण पुढे विचारलं नाही.
ही वही कोणी वाचत नाही म्हणून इथे लिहितो. मिटले होते. दोन्ही.