साठ सेकंदांचा हाकारा

वाशीम,
रविवार, दि. १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय हरीओम,

सप्रेम नमस्कार. इकडं आम्ही सगळे बरे आहोत. धनजले सोजरकाकू, वहिनी, लेकरं खुशाल असतील असं धरून चालतो. काकूच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं काय झालं? यंदा वांगी कशी आहेत? आमच्याकडं वाशीमच्या बाजारात दिसतात ती नुसती चमकतात, चव काही नाही.

पत्र पाहून हसशीन तू. म्हणशीन, कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस अन् पोस्टानं कागद पाठवून राह्यला! पण तुझा फोन तुझी पोरं वाचतात. अन् बोलायची म्हणशीन तर माझी हिंमत नाही. ते गेल्या महिन्यातच दिसलं.

तू फोनवर म्हटलं होतं, "भागवत, आईले बाबाचा आवाज आयकाचा हाये. फोटो आता तिले धड दिसत नाई. म्हणते, तुह्यापाशी जुन्या कम्प्युटरात असंन. भागवतचा लय जीव होता बाबावर म्हणते." मी म्हटलं, ती हार्डडिस्क कधीचीच जळली बे. तू म्हटलं, "बरं बरं, जाऊ दे," अन् उलट माझ्याच तब्येतीची चौकशी केली.

जळली नाही. दुकानात माझ्या टेबलाच्या खणात आहे. लोकांचा गेलेला डेटा परत काढून देणं हेच माझं काम, माझा कसा जळंन? दर दोन-तीन वर्षांनी मी त्यातले माझे जुने गेम नव्या डिस्कवर उतरवून घेतो. जगदेवकाकाचा, तुझ्या बाबाचा आवाज त्यातच आहे.

आता खोटं काहून बोललो ते सांगतो. मधात थांबलो तर पुन्हा लिहिणं होणार नाही, म्हणून एका बैठकीत लिहून राह्यलो.

आमच्या धनजच्या घरी कम्प्युटर आला ते २००३ साल. मी कारंज्याले क्लासले जायचो अन् घरी येऊन गेम बनवायचो. गेम कायचा? एक हिरवा चौकोन लाल चौकोनामागं पळायचा. मी म्हणायचो हा शेतात घुसलेला रोही अन् ही तूर. तू म्हणायचा, "अबे, तुही तूर लाल कायले? अन् रोही हिरवा?" दुसऱ्या गेमात ट्रॅक्टर होता. डावीकडं दाबलं की उजवीकडं जायचा, बांध तोडून विहिरीत पडायचा. मी दोन दिवस डोकं फोडलं. तू खिडकीशी आला, मिनिटभर पाह्यलं अन् म्हटलं, "तू वजा करायच्या जागी बेरीज केली न!" तुले तोवर कीबोर्डले हात लावायलेही भेटलं नव्हतं. मी हसलो, तुझ्या पाठीवर थाप मारली. पण आतून लय जळलो. हे आज पहिल्यांदा कबूल करतो.

तिसरा गेम म्हणजे 'जगदेवची वाडी'. तो तुले माहीत आहे, अख्ख्या कारंजा तालुक्याले माहीत होता. पेरूची वाडी, मचाणावर गोफण घेऊन बसलेला राखणदार, अन् खेळणाऱ्यानं पेरू चोरायचे. पेरू तुटला की राखणदार पाखरं उडवायचा हाकारा घालत पाटात पडायचा अन् त्याचं मुंडासं वाहून जायचं. तो हाकारा ऐकायले पोट्टे पुन्हा पुन्हा पेरू तोडायचे. चिरका, माकडासारखा आवाज.

तू मले तेव्हा तोंडावर विचारलं होतं, "भागवत, हे तू केलं का?" मी म्हटलं, मले एवढं येते का बे, कारंज्याच्या क्लासमधल्या कोण्या पोट्ट्यानं केलं, आवाजही त्यानंच काढला. तू मान हलवली. तुले पटलं, कारण तुले माझ्यावर भरवसा होता.

मीच केला होता हरीओम. पहिल्या पडद्यावर माझं नावही होतं. काकाले पोट्टे चिडवायले लागले तसं मी ते पुसलं. गेम नाही पुसला, नुसतं नाव पुसलं.

अन् आवाज काकाचाच होता. रंगरावच्या ज्वारीची राखण करता करता ते दुपारी आमच्या घरी पाणी प्यायले आले होते. मी म्हटलं, "काका, कम्प्युटरले हाकारा शिकवायचा आहे." तेव्हा आपल्याकडं कम्प्युटरच्या खोलीत कोणी चपला घालून जात नसे, त्याच्यावर टॉवेल झाकून ठेवत. काकानं चपला तर काढल्याच, वर मोरीवर जाऊन पाय धुतले, तोंड धुतलं, मुंडासं नीट बांधलं. खुर्चीवर अशे ताठ बसले की फोटोच काढायचा आहे. मले म्हणतात, "माहा आवाज त्याच्यात राहीन का रे मंग? मी गेल्यावरबी?" मी म्हटलं, राहीन काका.

त्या वेळच्या कम्प्युटरवर एका बारीत साठ सेकंदच रेकॉर्ड व्हायचं, मग आपोआप बंद. काकानं तीन हाकारे घातले. पहिले दोन खणखणीत. घरातल्या चिमण्याही उडाल्या. तिसऱ्याले त्यांचा आवाज शेवटी फाटला. मले तोच पाहिजे होता. मी त्याचे दोन सेकंद कापले, दुप्पट वेगानं लावले अन् एकटाच पोट धरून हसलो.

पुढचं तुले माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गेमच्या सीडी कारंज्याहून मानोऱ्यापर्यंत गेल्या. पोट्टे रस्त्यानं तसाच चिरका हाकारा घालायचे. पोहरादेवीच्या यात्रेत काका काकड्या विकायले बसले होते, तिथंही मागून कोणीतरी घातला. काका टोपलं तसंच टाकून घरी आले, हे तूच मले रडत सांगितलं होतं. मी तुले चहा पाजला अन् क्लासमधल्या त्या नसलेल्याच पोट्ट्याले तुझ्यासंग शिव्या घातल्या.

त्यानंतर काका शेतात बोललेच नाहीत. नुसती गोफण फिरवायचे. पाखरं उठेनात. रंगराव चारचौघांत म्हणाला, "पाखरं उडवायले गडी ठेवला का मुका ठेवला?" अन् राखण गेली. काका आठ वर्षांनी पोटाच्या दुखण्यानं गेले. माझ्या गेमनं गेले असं मी म्हणत नाही, तसं म्हणणंही एक प्रकारची फुशारकी होईन. पण त्या आठ वर्षांत त्यांचा हाकारा धनजनं ऐकला नाही, अन् तो माझ्यापायी. माझी लाज वाटते मले. लय वाटते.

हे इतकी वर्षं दाबलं अन् आताच काहून लिहून राह्यलो? सुप्रिया, माझी मोठी पोरगी, अकरा वर्षांची आहे. तिले शाळेत गेम बनवायले शिकवतात, म्हणून मी मोठ्या कौतुकानं माझे जुने गेम दाखवले. चौकोन दाखवला, ट्रॅक्टर दाखवला. मग मी चहा घ्यायले आत गेलो, तेवढ्यात तिनं तिसरा उघडला. खदखदा हसली. जेवताना पोळी वाढली की तसा हाकारा, भाजी वाढली की तसा हाकारा. "बाबा, हा माणूस कोण आहे? कित्ती भारी!" माझ्या बायकोलेही हसू आलं. माझ्या घरात, माझ्या ताटावर, माझी पोरगी काकाले चिडवत होती अन् तिले ठाऊकही नव्हतं. मी ताटावरून उठलो. दुसऱ्या दिवशी तिले सगळं सांगितलं. तिनं नुसतं विचारलं, "मग त्यांच्या मुलाला सांगितलं का?"

यासंग पेनड्राइव्ह पाठवतो. त्यात एकच फाईल आहे, पूर्ण साठ सेकंदांची, न कापलेली, काकाच्या खऱ्या आवाजातली. मोबाइलच्या दुकानात कोणीही तुझ्या फोनमध्ये टाकून देईन. काकूले ऐकव. मग तिले सांग, तिचा नवरा मुका कोणी केला ते. भागवतचा जीव होता वगैरे तिच्या मनात राहू देऊ नको. गेम मी पाठवत नाही, पण पुसणारही नाही. पुसला तर मी फार स्वस्तात सुटीन. त्यात माझं नाव काल परत टाकलं.

एक शेवटचं. हाकारे झाल्यावर थोडा वेळ उरला होता, तर काका तसेच माझ्याशी बोलत बसले. ते त्यात आहे. अन् साठाव्या सेकंदाले त्यांचं वाक्य मधातच तुटते. ते म्हणतात, "भागवत, आमच्या हरीओमलेबी बसवत जाय बाप्पा इथं, तो पोरगा..." अन् बंद. काकू नक्की विचारंन, पुढं काय म्हणाले? ते कोण्या डिस्कवर नाही. ते फक्त मले माहीत आहे.

काका म्हणाले, "तो पोरगा तुह्याहून हुशार हाये, पन त्याले कोनी दाखवनारं नाई. तू शिकवशीन ना त्याले?"

मी म्हटलं, "हो काका."

अन् त्याच आठवड्यात मी तुले दारातच सांगितलं की माझे बाबा बाहेरच्या कोणाले कम्प्युटरले हात लावू देत नाहीत. तू "बरं बरं" म्हणून परत गेला. माझ्या बाबानं असं कधीच म्हटलं नव्हतं हरीओम.

काकाले 'हो' म्हणून बसलेला,
भागवत