इस्त्री केलेला बिबट्या

प्रिय आई,

तुला आणि बाबांना इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. रविवार तेवढा जाता जात नाही.

परवा चष्म्याच्या दुकानाच्या काचेवर चिठ्ठी दिसली : 'कार्डं जमवणारे दर रविवारी मागच्या खोलीत भेटतात.' बिस्किटांच्या पुड्यातली माझी प्राण्यांची कार्डं, 'कचरा' म्हणत तूच बॅगेत भरलेली, घेऊन गेले. केस पिकलेली माणसं गं, पण कार्ड धरतात तान्ह्या बाळासारखं!

नव्या माणसाने आधी, कधीच कुणाला देणार नाही असं आपलं एक कार्ड दाखवायचं, अशी तिथली रीत. मी बिबट्या ठेवला.

चष्मेवाले काका भिंगातून बघत म्हणाले, "याची चकाकी कुठे गेली?"

"चुरगळला होता. आईने इस्त्री फिरवली."

सगळे उठून बघायला आले. हसून हसून पुरेवाट झाली. आता त्यांना जाणून घ्यायचंय, मध्ये कापड ठेवलं होतंस का? आठवून कळव. बाबांचा खोकला कसा आहे, तेही.

निघताना काका म्हणाले, "पुढच्या रविवारी ये, वाट बघतो."

इथे आल्यापासून मला 'ये' म्हणणारे ते पहिलेच.

तुझीच,
धाकटी